पितृपक्षातली पाहुणी

पितृपक्षात लोक नवा रुमालसुद्धा विकत घेत नाहीत, आणि आमच्या घरी बाळ येणार होतं. तेही सिझरने, तारीख ठरवून. अवेळी कळा सुरू झाल्या, धावाधाव झाली, असं असतं तर तिथीबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. पण आमची तारीख आधीच कळलेली होती: भाद्रपद वद्य द्वादशी. डॉक्टर मॅडमच्या डायरीत तो नुसता एक मंगळवार होता. ३९ आठवडे पूर्ण झालेले, थिएटर रिकामं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेळ. बस्स.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. त्या देवभोळ्या वगैरे नाहीत. त्यांची अडचण सरळ हिशेबाची होती. द्वादशीला बाळ झालं की घरात दहा दिवस सोयर. सोयरात श्राद्ध होत नाही, म्हणजे सर्वपित्रीला पान वाढता येणार नाही. आणि घटस्थापना तर चार दिवसांवर, म्हणजे घटही नाहीत. त्यांच्या लग्नापासून त्या घरात घट बसले नाहीत असं एकही वर्ष गेलेलं नव्हतं. "आठ दिवस आधी नाही का घेता येणार? नाहीतर सरळ दसरा झाल्यावर?" आवाजात हुकूम नव्हता, अजिजीच होती. त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड झालं.

मी तो प्रश्न जसाच्या तसा मॅडमपुढे ठेवला. त्या हसल्या नाहीत. त्यांना हे रोजचंच असणार. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा त्याच दिवशी सिझर करून द्या म्हणून उत्तर प्रदेशात बायकांनी डॉक्टरांकडे हट्ट धरल्याच्या बातम्या मी स्वतः वाचल्या होत्या. मॅडमनी कागद ओढला आणि समजावलं. आधी काढलं तर बाळाची फुफ्फुसं पुरेशी तयार नसतील. ३९ आठवड्यांच्या आत, कारण नसताना, त्या हात लावत नाहीत. आणि थांबलो तर मधेच कळा येणार, पाणमोट फुटणार. डोकं खाली असलं की ते बुचासारखं बसतं. आमच्या बाळाचं ढुंगण खाली होतं, बाजूला फट राहणार, तिथून नाळ आधी घसरली तर? "मग मला मिनिटं मोजावी लागतील," मॅडम म्हणाल्या, "तिथी नाही."

तोडगा शेवटी गुरुजींनी काढला. घट पहिल्याच माळेला बसायला हवेत असं काही नाही. सोयर फिटलं की सातव्या माळेला बसवा, तीन दिवसांचं नवरात्र करा. सासूबाईंचा दुसरा फोन आला तेव्हा त्या इतक्या मोकळ्या बोलल्या की मलाच भरून आलं. एवढी मोठी गोष्ट त्या चार दिवस मनात घेऊन बसल्या होत्या आणि मी मात्र नवऱ्याकडे त्यांच्या तक्रारी करत होते. ज्योतिषीबुवांनी तेवढा एक हट्ट धरला: वेळ तरी अभिजित मुहूर्ताची घ्या, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास. मॅडम म्हणाल्या, "माझा मुहूर्त भूलतज्ज्ञ ठरवतात. नऊला हजर राहा."

बाळ उलटं आहे हे आठव्या महिन्याच्या अखेरीला सोनोग्राफीत कळलं. डोकं माझ्या बरगडीखाली, ढुंगण खाली आणि दोन्ही पाय सरळ वर, स्वतःच्या तोंडाशी. पूर्ण दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं अशी राहतात. बाहेरून पोटावर दाब देऊन बाळ फिरवायची एक रीत आहे, पण माझ्याकडे पाणी कमी होतं, मॅडमनी तो धोका घेतला नाही. मग घरगुती उपाय सुरू झाले. काकू म्हणाल्या, उकिडवं बसून फरशी पूस. मी पुसली. सांगलीच्या आमच्या घराची फरशी तितकी स्वच्छ त्याआधी कधी नव्हती आणि नंतरही नाही. बाळ ढिम्म.

उलट्या बाळात भीती असते ती डोक्याची. अंगातला सगळ्यांत मोठा आणि टणक भाग तोच, आणि तोच शेवटी येतो. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठरवून केलेलं सिझर अशा बाळांना जास्त सुरक्षित ठरलं, आणि जगभरच्या प्रसूतिगृहांनी वाट बदलली. त्या अभ्यासावर पुढे वादही झाले, काही ठिकाणी निवडक बायकांचं उलट्या बाळाचं बाळंतपण आजही नीट करतात. पण त्याला तसे सरावलेले हात लागतात. आमच्या मॅडमनी सरळ सांगितलं, माझे तसे नाहीत. डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य ऐकल्यावर माझा त्यांच्यावरचा विश्वास दुप्पट झाला.

बाबा इतिहासाचे मास्तर. त्यांना सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवला तर ते थेट राजगडावर पोचले. १६७० च्या फेब्रुवारीत राजाराम महाराज जन्मले ते पालथे. गडावर सगळे चिंतेत. आणि शिवाजीमहाराज म्हणाले, दिल्लीची पातशाही पालथी घालील. बखरीत आहे. "बाबा, पालथं वेगळं, उलटं वेगळं," मी म्हटलं. त्यांना फरक पडला नाही. पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला ते राजगड ऐकवत होते. मुलीची काळजी वाटते असं सरळ म्हणणं त्या पिढीच्या बापांना जमत नाही. त्यांना मध्ये एखादा किल्ला लागतो.

आजी मात्र गप्प होती. आईची आई, नव्वदीला टेकलेली, वाळव्याकडच्या खेड्यात सगळी बाळंतपणं घरातच झालेली. तिच्याकडून मला 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे ऐकायची तयारी होती. एका दुपारी मेथी निवडताना ती आपणहून बोलली. "थोरल्या जाऊबाईंचं पोर पायाळू होतं. सुईण शहाणी होती हो. पाय आले. कंबर आली. डोकं काही येईना." हातातली काडी तिने तशीच धरून ठेवली होती. "इस्लामपूरला न्यायला गाडी जुंपली. बैल वेशीवरनं माघारी फिरवले." मग तिने परत मेथी निवडायला घेतली आणि खाली मानेनेच म्हणाली, "तू खुशाल पोट फाडून घे. कोण काय म्हणतंय ते माझ्याकडं पाठव."

त्या जाऊबाईंचं नाव मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. भिंतीवर फोटो नाही, कुणाच्या बोलण्यात नाही. महाराष्ट्रात माता-मृत्यूचं प्रमाण दर लाख जन्मांमागे ३३ वर आलं होतं, हा २०१८-२० चा सरकारी आकडा. तो वाचताना मला ती वेशीवरून वळलेली गाडीच दिसते.

पण आकडे दुसऱ्या बाजूचेही आहेत आणि ते दडवून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४. तेलंगणात तर एकूणच साठ टक्क्यांच्या वर. बायकांचं हाडपेर रस्त्याच्या या कडेचं वेगळं आणि त्या कडेचं वेगळं, असं तर नाही ना? लोकांच्या मनात शंका येते ती उगाच येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो जाब बिलाला विचारा, धोरणाला विचारा. नुकतंच पोट शिवून पडलेल्या बाईला 'नॉर्मल झालं नाही का गं?' असं विचारून त्या टक्केवारीत काही कमी होत नाही.

आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नव्हतं. आईने मऊ भात आणि मेतकूट केलं होतं. मला हवं होतं भडंग. सांगलीत राहून भडंग नाही म्हणजे काय! ते मिळालं नाही. पिशवी भरून दाराशी ठेवलेली: जुन्या सुती साडीची धुवून मऊ केलेली दुपटी, मामेभावाच्या पोरांची झबली, टोपडी. पितृपक्षात नवे कपडे घ्यायचे नाहीत हा नियम बाळाने आल्याआल्या पाळला म्हणायचा. आपल्याकडे बाळाचा पहिला कपडा तसाही कुणाचातरी उतरलेलाच असतो. झोप येईना. कळा अचानक सुरू होतात त्या बाईला 'ही शेवटची रात्र' हे कळत नाही, ते नंतर लक्षात येतं. मला ते घड्याळासकट माहीत होतं. पोटात ती उचक्या देत होती, बरगडीखाली तिचं डोकं हाताला गोल लागत होतं, आणि उद्या ही जागा रिकामी होणार याचं मला जे वाटत होतं त्याला आनंद म्हणता आलं नसतं. मी नवऱ्याला उठवलं, त्याचा हात तिथे ठेवला. तो तसाच झोपला परत.

नऊला हजर झालो. साडेनऊला मॅडम धावत आल्या आणि आमच्या शेजारून थेट आत गेल्या. रात्रभर कळा देऊन थकलेली एक बाई बाहेरगावाहून आली होती, बाळाचे ठोके कमी होत होते. ठरवून केलेल्याला तातडीचं आलं की मागे सरावंच लागतं. मी हिरवा गाऊन घालून, सलाइन लावून, उपाशी बसून राहिले. आतून बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा बाहेरच्या तिच्या सासूने माझाच हात धरला. दोघींपैकी कुणालाही दुसरीचं नाव माहीत नव्हतं.

मग माझी पाळी. थिएटरमध्ये सगळ्यांत आधी जाणवते ती थंडी. अरुंद टेबलावर पाय सोडून बसायचं, उशी कवटाळायची, हनुवटी छातीला लावून पाठ वाकवायची. नऊ महिन्यांच्या पोटाला हे सांगणं सोपं, करणं कठीण. भूल देणारे डॉक्टर वयस्कर होते. सकाळपासूनचा त्यांचा हा तिसरा दवाखाना. गावोगावची ही मंडळी आपली पेटी घेऊन एका थिएटरातून दुसऱ्यात फिरत असतात, पेशंटला त्यांचा चेहरा नीट दिसतही नाही. पाठीवर गार स्पिरिट फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "आयर्विनला आज पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल, आणि कोयना धरणातून पाणी सोडलं होतं. सांगलीकराला पावसाळ्यात हा प्रश्न झोपेतून उठवून विचारा, उत्तर तयार असतं. बाबा सकाळीच पुलावर जाऊन पट्टी बघून आले होते. "इशाऱ्याच्या खूप खाली आहे," मी म्हटलं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली ते सत्तावनच्या वर गेलं होतं, असं आम्ही बोलत असतानाच सुई आत गेली होती.

कमरेतून ऊब खाली उतरली. मग पाय परके झाले. पोटावर ओला बोळा लावून "गार लागतंय?" असं विचारत ते वर वर आले, मी नाही नाही म्हणत गेले, आणि समोर हिरवा पडदा उभा राहिला. दुखत काही नाही. पण कळतं सगळं. कुणीतरी पोटात कपाट उपसून आतली एखादी हरवलेली वस्तू शोधतंय, असली ती ओढाताण. दात वाजायला लागले. मला वाटलं घाबरले म्हणून, सिस्टर म्हणाल्या भुलेने होतं तसं. पडद्यापलीकडून मॅडमचा आवाज आला, "ढुंगणच आधी दाखवलंन बघा!" एक पाय. दुसरा पाय. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. ते काही क्षणच असणार. मला बैल दिसत होते.

"मुलगी आहे!"

आणि मग ती रडली.

बाराला दोन-तीन मिनिटं कमी होती. म्हणजे ऐन अभिजित मुहूर्त. त्या बाहेरगावच्या बाईने मला मागे ढकललं म्हणून तो साधला, पण श्रेय अर्थातच ज्योतिषीबुवांकडे गेलं.

तिला माझ्या गालाला लावलं. अंगावर पांढरा चिकट थर, ओले केस, आणि पाय! ते दोन्ही पाय दुमडून कानांशी. पोटात जशी बसली होती तशीच बाहेर आली होती, जणू काही घडलंच नव्हतं. मी काय बोलले ते आठवत नाही. नवऱ्याला आत सोडलेलं नव्हतं, नाहीतर साक्षीदार तरी मिळाला असता.

बाळ यायला काही मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो शिवण्यात. एकावर एक थर, सावकाश, डॉक्टर आपसात कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या कार्यालयाबद्दल बोलताहेत. नंतर वाचलं, की एके काळी पोट शिवायचे पण गर्भाशय तसंच उघडं सोडायचे, ते आपोआप मिटेल म्हणून. आणि बायका रक्त जाऊन, पू होऊन मरायच्या. १८८२ मध्ये माक्स झेंगर नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने चांदीच्या तारेचे आणि रेशमाचे टाके थेट गर्भाशयाला घालायला हवेत हे मांडलं, तिथून हे ऑपरेशन बाईला जगवायला लागलं. इतका साधा विचार, आणि तो सुचेपर्यंत किती जणी गेल्या.

मला रिकव्हरीत आणलं तेव्हा बाळ शेजारी नव्हतं. तिचा श्वास जरा भरभर चालला होता, तिला लहान मुलांच्या डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवलं होतं, थोडा ऑक्सिजन लावून. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की ते शोषलं जायला लागतं. ठरवून केलेल्या सिझरमध्ये कळाच नसतात, म्हणून काही बाळांना पहिले काही तास धाप लागते. बहुतेकांची ती आपोआप उतरते. हे सगळं मला समजावून सांगितलं होतं, आधीही आणि तेव्हाही. पण कमरेखाली आपलं काहीच हलत नाही, बाळ दोन भिंतींपलीकडे, आणि 'बहुतेकांची' हा शब्द डोक्यात. कळांना आपण नुसतं दुःख समजतो, त्या बाळाचंही काही काम करून देत असतात हे मला तिथे पडल्यापडल्या कळलं. संध्याकाळी तिला आणलं. कुशीवर वळायला दोघींनी मदत केली. चिकाचे दोन थेंब आले. तिने ते घेतले आणि झोपली.

आणि मग सबंध घराण्याने एकाच गोष्टीची वाट बघायला सुरुवात केली: मला गॅस कधी पास होतो. राउंडला आलेले डॉक्टर तेच विचारतात, सिस्टर तेच, झाडलोट करणाऱ्या मावशीही तेच. सासरे दाराबाहेरून नवऱ्याला खुणेने विचारतात. लग्नात ज्यांच्यासमोर पदर सावरत वावरले त्या सगळ्यांना माझ्या आतड्यांची बातमी हवी होती. अखेर ती मिळाली तेव्हा आईने देवाला साखर ठेवली, असं ती सांगते, मी बघितलं नाही.

पहिल्यांदा उठणं. याबद्दल मला कुणीच धड सांगितलं नव्हतं. पायांत रक्त गोठू नये म्हणून लवकर चालवतात. कुशीवर व्हायचं, कोपरावर जोर, पाय खाली, आणि उभं राहायचं. उभी कसली, आजीपेक्षा वाकलेली मी भिंत धरून बाथरूमपर्यंत गेले. खोकला आला की उशी पोटाशी दाबायची. हसायची तर चोरीच, आणि भेटायला येणारे सगळे नेमके विनोदी. कुणीतरी म्हणालं, "तुला काय, कळाबिळा काही नाहीत, सुटलीस." पलीकडच्या खाटेवर ती बाहेरगावची बाई होती, जिने रात्रभर कळाही दिल्या आणि वर टाकेही घेतले. ती हसायला लागली, मग मला हसू आवरेना, आणि आम्ही दोघी उशा दाबून "अगं आई, अगं आई" करत राहिलो.

घरी मालिशवाल्या मावशी आल्या. माझ्या टाक्यांकडे बघून त्यांनी माझं मालिश लांबवलं, शेकशेगडीही बेताने. पण बाळाचे पाय कानाशी बघून त्यांचे हात शिवशिवायला लागले. ओढून सरळ करते म्हणाल्या, गच्च दुपट्यात बांधू म्हणाल्या. लहान मुलांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: पाय ओढायचे नाहीत, सरळ करून घट्ट बांधायचे नाहीत. उलट्या राहिलेल्या बाळांचे, त्यातही मुलींचे, खुबे निखळते असू शकतात, दीड महिन्याने सोनोग्राफी करायची. मावशींना ते पटलं नाही. त्यांनी शेकडो बाळं न्हाऊ घातली होती. माझी आई दोघांच्या मध्ये उभी राहून "हळू, हळू" म्हणत राही. दुपट्याची घडी घातली की पाचव्या मिनिटाला दोन गुलाबी तळवे वर यायचे, तिच्याच गालांशी. अष्टमीला बारसं झालं तेव्हाही पाळण्यात नाव ऐकताना पाय तसेच. सासूबाई सातव्या माळेला घट बसवून रातोरात सांगलीला आल्या होत्या. त्यांनी ते तळवे कपाळाला लावले. म्हणाल्या, पितर येतात म्हणतो ना आपण या दिवसांत, मग आलंय कुणीतरी.

दीड महिन्याने सोनोग्राफी झाली. खुबे उत्तम. पायही तोवर हळूहळू खाली उतरले होते, कुणी न ओढता.

बाळ उलटं जन्मलं ही बातमी फुटली आणि शेजारच्या काकांच्या कमरेत उसण भरली. त्यांना कुठून कळलं देव जाणे. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, म्हणून ते दारात उभे. आता घरात वाद. आई म्हणाली, पाय डोक्याच्या आधी आले, म्हणजे पायाळूच. आजी म्हणाली, पोटातून काढलेलं पायाळू धरत नाहीत, आणि मुळात आधी आलं ते ढुंगण. बाबांनी राजगड काढायचा प्रयत्न केला, तो कुणी काढू दिला नाही. काका तोवर सतरंजीवर पालथे पडलेच होते. नवऱ्याने तिला काखेत धरून त्यांच्या कमरेवर टेकवलं. तिने आधी सगळ्यांकडे बघून घेतलं, मग दोन्ही पायांनी एकदम दणका दिला.

काका दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. पण पोरीच्या लाथेत जोर आहे, हे त्यांनी तिथेही सांगितलं म्हणे.